खेळाचा तास सगळ्यांचा
(सामुदायिक रेडिओवर झालेले भाषण)

 हातात काम असेल तर ते करत करत ऐका. आज आम्ही बचतीचं किंवा कर्जाच्या हप्त्याचं काही सांगणार नाही. आज बोलायचं आहे ते शाळेतल्या खेळाच्या तासाबद्दल.

तुम्ही म्हणाल, खेळाचा आणि बचत गटाचा काय संबंध? आम्हालाही तसंच वाटायचं. आमच्या गटाकडे गावच्या शाळेचा पोषण आहार शिजवायचं काम आहे. एके दिवशी मोठ्या बाई म्हणाल्या, "ताई, उद्या आपल्याकडे केंद्राची शिक्षण परिषद आहे. चाळीसेक शिक्षक येतील. जेवण तुम्हीच करा." आसपासच्या गावांच्या शाळा मिळून एक केंद्र होतं. त्या केंद्रातले शिक्षक महिन्यातून एकदा एकत्र बसतात, नवीन काय आलं ते समजून घेतात. त्यालाच शिक्षण परिषद म्हणतात.

आम्ही सहाजणी सकाळीच गेलो. डाळ शिजत घातली, कणीक मळायला घेतली आणि बाहेर पाहतो तर काय! सगळे सर आणि बाई मैदानात. कुणी लंगडी घालतंय, कुणी एका पायावर तोल सांभाळतंय, पन्नाशीचे एक सर दोरीवरच्या उड्या मारतायत. आमच्यातल्या एक आक्का म्हणाल्या, "अगं बया, पगार घेऊन हे खेळायला आलेत का काय?" आम्ही खूप हसलो. पण दिवस संपता संपता आमचं हसू गेलं होतं आणि डोक्यात बरंच काही शिरलं होतं. तेच आज सांगतो.

तर झालंय असं. 2020 साली देशाचं नवीन शैक्षणिक धोरण आलं. त्याला धरून 2023 मध्ये शालेय शिक्षणाचा राष्ट्रीय आराखडा निघाला. त्यात शारीरिक शिक्षण हा गणित, भाषा, विज्ञान यांच्या बरोबरीचा विषय धरला आहे. वेळ उरला तर घ्यायचा आणि परीक्षा आली की बंद करायचा, असा तो विषय राहिलेला नाही. आपल्या राज्यातही 2025-26 या वर्षात पहिलीपासून नवीन अभ्यासक्रम सुरू झाला. पुढचे वर्ग टप्प्याटप्प्यानं त्यात यायचे आहेत. आधी हा विषय नव्हता असं नाही. 'खेळू, करू, शिकू' नावाचं पुस्तक तुमच्या मुलांच्या दप्तरात तुम्ही पाहिलं असेल. त्यात खेळ, कार्यानुभव आणि कला एकत्र होते. पण पुस्तकात असणं वेगळं आणि मैदानात उतरणं वेगळं. आपल्या लहानपणीचा पीटीचा तास आठवा. सावधान, विश्राम, हात वर, हात खाली. मग मुलांना एक चेंडू द्यायचा आणि मुलींनी झाडाखाली बसायचं. पाऊस आला की गणित, साहेब येणार असले की गणित, काहीच नसलं तरी गणित.

त्या दिवशी शिकवायला शेजारच्या गावच्या एक बाई होत्या. त्या स्वतः शिक्षिका. त्यांनी आधी नेहमीची लंगडी खेळायला लावली. जो बाद झाला तो बाहेर बसला. दहा मिनिटांनी त्यांनी खेळ थांबवला आणि विचारलं, "सगळ्यात आधी बाद कोण झालं?" एक जाडजूड सर आणि एक गुडघेदुखीवाल्या बाई. "आणि सगळ्यात जास्त वेळ बसून कोण राहिलं?" तेच दोघं. बाई म्हणाल्या, "म्हणजे ज्यांना सरावाची सगळ्यात जास्त गरज, त्यांनाच सगळ्यात कमी खेळायला मिळालं. वर्गात असं कराल का? ज्याला वाचता येत नाही त्याला पुस्तक द्यायचं नाही, असं म्हणाल का?"

मग त्यांनी नियम बदलला. जो बाद होईल त्यानं कडेला येऊन पाच उड्या मारायच्या आणि परत आत जायचं. खेळ तोच, पण आता कुणीच बसलेलं नव्हतं.

चेंडूचंही तसंच. चाळीस मुलं आणि चेंडू एकच असेल तर एकेकाच्या हाताला तो कितीदा लागणार? म्हणून चार-चार, पाच-पाच जणांचे गट करायचे आणि प्रत्येक गटाला एक चेंडू द्यायचा. कापडाचा असला तरी चालतो. छोट्या वर्गात कुणाला पहिलवान किंवा धावपटू घडवायचं नसतं, असं त्या म्हणाल्या. शरीराची बाराखडी पक्की करायची असते. पळणं, उडी मारणं, लंगडणं ही एक ओळ. वाकणं, वळणं, तोल सांभाळणं ही दुसरी. फेकणं, झेलणं, टोलवणं ही तिसरी. ही बाराखडी लहानपणी आली नाही की पुढे मूल खेळायला लाजतं. लाजतं म्हणून खेळत नाही, आणि खेळत नाही म्हणून आणखी लाजतं.

पहिला कोण आला एवढंच बघायचं नाही, हेही त्यांनी सांगितलं. गेल्या महिन्यात या मुलीला चेंडू झेलता येत नव्हता, आता दहातले चार झेलते, हे शिक्षकांनी लिहून ठेवायचं. हरल्यावर ती काय करते, दुसऱ्याला संधी देते का, नियम पाळते का, हेही बघायचं.

आता त्या दिवसातली एक गोष्ट सांगतो. ती आमच्यातल्या कुणीच विसरणार नाही.

बाईंनी एका तरुण सरांना बाजूला बोलावलं आणि सांगितलं, "सर, तुम्ही पुढचा अर्धा तास खेळायचं नाही. त्या पायरीवर बसा आणि सगळ्यांच्या चपला सांभाळा." सरांना वाटलं गंमत आहे. ते बसले. बाकीचे खेळतायत, ओरडतायत, हसतायत. अर्ध्या तासानं बाईंनी विचारलं, "कसं वाटलं?" सर म्हणाले, "पहिली पाच मिनिटं बरं वाटलं. मग वाटलं, मी इथं कशाला आलोय?"

बाई एवढंच म्हणाल्या, "तुमच्या वर्गात चपला कोण सांभाळतं ते आठवा."

आमच्या गटातल्या एका वहिनींची मुलगी चौथीत आहे. जन्मापासून तिचा एक पाय अधू आहे. पहिलीपासून खेळाच्या तासाला ती चपला आणि दप्तरं सांभाळते. वहिनी तेव्हा डाळ ढवळत होत्या. त्यांनी पळी पातेल्यात तशीच सोडली आणि मागच्या बाजूला निघून गेल्या. आम्हीही काही बोललो नाही. खरं सांगायचं तर त्या मुलीला पायरीवर बसलेलं आम्ही रोज बघत होतो. खिचडी वाढताना बघत होतो. "शहाणी आहे हो, एका जागी बसते," असं आम्हीच म्हणायचो.

जेवणं झाल्यावर वहिनींनी त्या बाईंना गाठलं आणि सरळ विचारलं, "बाई, तुम्ही सांगता ते खरं. पण माझी पोर पडली, हाड मोडलं तर कोण बघणार?" बाईंनी तो प्रश्न टाळला नाही. म्हणाल्या, "तुमची भीती बरोबर आहे. आधी डॉक्टरांना दाखवा. काय चालेल आणि काय चालणार नाही ते कागदावर लिहून घ्या आणि शाळेत द्या. मग खेळ तिच्यासारखा करायचा. तिचे हात चांगले आहेत ना? लगोरीत नेम ती धरेल, तिच्या वाटचं पळायला जोडीदारीण असेल. फेकण्या-झेलण्याचा खेळ असला तर त्या दिवशी सगळ्यांनीच बसून खेळायचं."

तसं सुरू झालं. सुरुवातीला मुलं कुरकुरली, म्हणाली आमचा गट हरतो. ती मुलगीही दोन दिवस घाबरून गेली नाही. तिसऱ्या आठवड्यात ती गुडघा खरचटवून घरी आली. वहिनी आधी ओरडल्या, मग हळद लावली, मग बैठकीत आम्हाला सांगताना त्यांना हसू आवरेना. म्हणाल्या, "चार वर्षांत पहिल्यांदा पोरीचा फ्रॉक खेळून मळला."

मैत्रिणींनो, आता आपल्या सगळ्यांच्या मुलींकडे वळू. शाळा सुटली की मुलगा काय करतो? दप्तर फेकतो आणि खेळायला पळतो. आणि मुलगी? पाणी भरते, धाकट्याला सांभाळते, भाकरीला पीठ मळून ठेवते. मुलाला शाळा सुटल्यावर आख्खी संध्याकाळ आहे. मुलीला खेळायला फक्त शाळेतला तास आहे. तो तास गणितानं खाल्ला तर मुलाचं थोडं जातं, मुलीचं सगळं जातं. पाच ते सतरा वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी साठ मिनिटं तरी दम लागेल अशी हालचाल करावी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आपल्या मुलीची साठ मिनिटं कुठं होतात, याचा हिशोब आज रात्री मांडून बघा. कुणी म्हणेल, घरकामात होते की हालचाल. होते ना. पण घागर उचलताना कुणी हसत नाही आणि "आता माझी पाळी" असं म्हणत नाही.

आमच्या बैठकीत एका आक्कांनी विचारलंच, "खेळून पोट भरतं का?" प्रश्न चुकीचा नाही. 2025 च्या जानेवारीत दिल्लीला खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. त्यात भारताच्या मुलींनी अंतिम सामन्यात नेपाळला हरवून तो जिंकला. कर्णधार होती आपल्या महाराष्ट्राची प्रियांका इंगळे. नाशिकच्या आदिवासी भागातली कविता राऊत 2010 च्या आशियाई स्पर्धेत दहा हजार मीटर धावण्यात रौप्य पदक घेऊन आली. माणदेशातल्या मोही गावची ललिता बाबर 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये अडथळ्यांच्या शर्यतीत अंतिम फेरीपर्यंत गेली. ही नावं मुलींना जरूर सांगा. पण प्रत्येक मुलगी ऑलिंपिकला जाणार नाही, हे आम्हालाही कळतं. आमच्या अध्यक्षताईंनी आक्कांना वेगळं उत्तर दिलं. "आक्का, आपल्याला बँकेच्या साहेबासमोर पहिल्यांदा उभं राहताना घाम फुटला होता. कारण चार माणसांत उभं राहायची, ओरडायची, हरायची सवयच नव्हती. पोरीला ती सवय मैदानात लागते."

आक्का गप्प बसल्या. पटलं असं म्हणाल्या नाहीत, पण गप्प बसल्या.

आता आमची चूक सांगतो. परिषदेच्या दिवशी बाई फक्कीनं मैदान आखत होत्या. एका बाजूला जमिनीत सोयाबीनचा भुसा रुतला होता, दगड रचलेले होते, एक फाटकी ताडपत्री पडली होती. त्यांनी सहज विचारलं, "हे कुणाचं?" आम्ही वाढायला उभ्या होतो. सगळ्या खाली बघायला लागलो. कारण ते आमचंच होतं. सुगीत गावाला खळं पुरत नाही, म्हणून सोयाबीन शाळेच्या मैदानात वाळत घालायची सवय पडली होती. उन्हाळ्यात गटाचे पापड-कुरडयाही तिथंच. गेल्या वर्षी आमच्या राशीमुळे पोरांचं मैदान तीन आठवडे अडलेलं होतं, आणि आम्हीच म्हणत होतो की शाळेत खेळ घेत नाहीत.

पुढच्या बैठकीत यावर भांडण झालं. एक म्हणाली, "मग माल काय डोक्यावर वाळवू?" तिचंही खरं होतं. अंगण नाही आणि रस्त्यावर टाकलं तर गाड्या जातात. शेवटी असं ठरलं की शाळा चालू असताना मैदानात काही टाकायचं नाही. दिवाळीच्या सुट्टीत मोठ्या बाईंना विचारून टाकायचं आणि शाळा उघडायच्या दोन दिवस आधी झाडून, दगड वेचून मैदान परत द्यायचं. सगळ्यांना पटलं नाही. एक ताई अजून आमच्याशी नीट बोलत नाहीत. पण मैदान मोकळं आहे.

मैत्रिणींनो, तुमच्या गटाला काय करता येईल, ते आता सांगतो.

पहिलं म्हणजे साहित्य. महाग काही लागत नाही. शिलाईच्या चिंध्या एका जुन्या मोज्यात घट्ट भरा, वरून कापडाच्या पट्ट्या आवळून शिवा, झाला चेंडू. विटीएवढ्या लांबीचे, म्हणजे साधारण चार-पाच इंचांचे दोन चौकोनी तुकडे शिवून त्यात चिंचोके भरा. फेकायला, झेलायला, डोक्यावर ठेवून तोल सांभाळत चालायला ती पिशवी उत्तम. धान्य भरू नका, उंदीर कुरतडतात. शिवण दुहेरी घाला. आमच्या गटानं चार दुपारींत वीस चेंडू आणि तीस पिशव्या केल्या.

दुसरं, कपडे. फ्रॉक किंवा स्कर्ट उडतो म्हणून मुली लंगडीला उठत नाहीत. हे सर सांगणार नाहीत आणि मुलगीही सांगणार नाही. आत घालायला गुडघ्यापर्यंतची विजार शिवून द्या. आमच्या मशीनवर ज्या दिवशी त्या विजारी शिवून झाल्या, त्याच्या पुढच्या आठवड्यात पाचवीच्या मुली खो-खोला उतरल्या.

तिसरं, मैदान. काचा, काटे, गाजरगवत महिन्यातून एकदा काढा. पाण्याची सोय आहे का, प्रथमोपचाराची पेटी आहे का आणि ती उघडी मिळते का, ते बघा.

चौथं, तब्येत. जी मुलगी लगेच दमते तिला आळशी म्हणू नका. रक्त कमी असू शकतं. शाळेत आठवड्याला लोहाची गोळी मिळते, लहान मुलांना गुलाबी आणि दहा वर्षांपुढच्यांना निळी. ती पोरं घेतात का, ते विचारा. गोळी घेऊनही दम लागत असेल तर आरोग्य केंद्रात रक्त तपासून घ्या. आणि पाळी आलेल्या मुलीला खेळावंसं वाटलं तर अडवू नका. पोटात दुखत असेल तर जबरदस्तीही नको.

पाचवं, हक्क. शिक्षण हक्क कायद्यानुसार शाळेला मैदान आणि खेळाचं साहित्य असायला हवं. समग्र शिक्षा योजनेत खेळाच्या साहित्यासाठी वर्षाला प्राथमिक शाळेला 5,000 आणि उच्च प्राथमिक शाळेला 10,000 रुपयांची तरतूद आहे. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक असावे लागतात आणि निम्म्या सदस्य महिला. म्हणजे त्या खुर्च्या आपल्यासाठीच आहेत. पण बैठकीला जाऊन फक्त सही करून येऊ नका. "यंदा खेळाचे पैसे आले का, त्यातून काय घेतलं आणि ते कपाटात आहे की मुलांच्या हातात?" एवढं गोड आवाजात विचारा. गोड आवाजातच विचारा, कारण शिक्षकांनाही अडचणी आहेत. दोन शिक्षक आणि चार वर्ग असतील तर एका वर्गाला मैदानात नेल्यावर दुसऱ्याकडे कोण बघणार? त्या तासाला गटातली एक जण कडेला जरी उभी राहिली तरी त्यांना आधार होतो.

आणि शेवटचं. नवीन अभ्यासक्रमात आपल्या मातीतल्या खेळांना जागा आहे. परिषदेत बाईंनी शिक्षकांना विचारलं, "फुगडी कुणाला येते?" दोन-तीन हात वर झाले. मग त्या आमच्याकडे वळल्या. आम्ही पदर खोचले आणि मैदानात गेलो. साधी फुगडी, बसफुगडी, झिम्मा, पिंगा. मंगळागौरीला करतो ते सगळं. बाई शिक्षकांना दाखवत होत्या, "बघा, हातांची पकड, शरीराचा तोल, ताल, आणि समोरचीवर विश्वास. एकीनं हात सोडला तर दोघी पडतात." आम्ही इतकी वर्षं फुगडी घालतोय, पण त्यात इतकं सगळं आहे हे कुणी आम्हाला सांगितलं नव्हतं. आता दर शनिवारी आमच्यातल्या दोघी पाळीपाळीनं शाळेत जातात आणि पोरांना झिम्मा-फुगडी शिकवतात. हो, पोरांनाही. मुलगे आधी लाजले, आता आधी नंबर लावतात.

तर या आठवड्यात एवढंच करा. आज मूल घरी आलं की "अभ्यास काय दिला?" याच्या आधी विचारा, "आज काय खेळलीस?" आठवडाभर उत्तर "काही नाही" असंच आलं तर गटाच्या बैठकीत तो विषय घ्या आणि दोघी-तिघी मिळून शाळेत जा. आणि तुमच्या शाळेच्या पायरीवर चपला सांभाळत कोण बसलंय, ते एकदा बघून या. आम्हाला ते दिसायला चार वर्षं लागली.